सात अंशांच्या खाली

नीलम रामटेकेने दोन सीटची निळी स्पोर्ट्‌स कार घेतली तेव्हा ग्रुपवर अंगठे आले, टाळ्या आल्या, आणि पाठोपाठ एका दादांचा प्रश्न आला, "ताई, सामान कुठे ठेवणार?" प्रश्न दिसायला साधा होता, पण भोळा नव्हता. नेदरलँड्समधल्या बौद्ध मराठी मंडळींचा हा ग्रुप. बहुतेक जण आयटीत, काही विद्यापीठांत. जयंती असो की सहा डिसेंबरची अभिवादन सभा, सतरंज्या, माइक आणि बाबासाहेबांचा मोठा, काचेच्या फ्रेमचा फोटो इतकी वर्षं नीलमच्याच जुन्या स्टेशन वॅगनमधून जायचा. फोटो तिनेच नागपूरहून आणला होता, विमानातल्या कर्मचाऱ्यांशी भांडून. कार्यक्रमाच्या सकाळी काच पुसायची तिनेच आणि पहिला हारही तिच्याच हातून चढायचा. हा मान तिला कुणी दिला नव्हता. ती करत गेली आणि तो तिचा झाला.

पण स्टेशन वॅगन म्हातारी झाली. लग्न मोडूनही बरीच वर्षं झाली होती, लेक शिकायला उट्रेख्टला गेली होती, मागच्या सीटवर बसायला कुणी उरलं नव्हतं. मग मागची सीट हवीच कशाला? आर्नहेमच्या वीज कंपनीत दिवसभर दुसऱ्यांच्या घरातले दिवे जळत राहावेत म्हणून डोकं फोडणाऱ्या बाईने एक गोष्ट स्वतःच्या मजेसाठी घेतली, तर आपल्या माणसांच्या पोटात एवढं दुखायचं कारण काय, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. खरं म्हणजे कळलं होतं. पुरुषाने घेतली असती तर पार्टी मागितली असती.

ग्रुपचे अध्यक्ष प्रकाश मेश्राम डीमन नावाच्या गावात राहतात. माणूस वाईट नाही. कुणाला घर मिळत नसेल तर चार फोन करील, कुणाचं बाळंतपण असेल तर डबा पोचवील. पण एकदा मदत करायची ठरवली की समोरच्याला ती हवी आहे का, हे विचारायची त्यांना सवय नाही. दर ऑक्टोबरात ते सगळ्या ग्रुपच्या गाड्यांसाठी टायरची एकत्र ऑर्डर देतात. एक गॅरेज, एक सवलत, एकच शनिवार. सगळे रांगेत गाड्या लावतात, कुणीतरी पोहे आणतं, आणि दुपारपर्यंत सगळ्यांच्या गाड्यांना नवे टायर बसतात. सोय म्हणून उत्तम. यंदा त्यांनी नीलमला फोन केला तो ऑर्डर देऊन झाल्यावर.

"ताई, जय भीम. तुमचेही चार टाकलेत. यंदा पहिल्यांदाच सगळ्यांना ऑल-सीझन."

"जय भीम, दादा. पण कुठल्या मापाचे टाकलेत?"

"तुम्ही गाडीचा फोटो टाकला होता ना, त्यात टायरवरचं वाचलं मी. झूम करून."

"पुढचं की मागचं?"

"म्हणजे?"

"माझ्या गाडीचे मागचे टायर पुढच्यापेक्षा रुंद आहेत. चारही सारखे चालत नाहीत."

पलीकडून प्रकाशदादा हसले. "चाक ते चाक, ताई! तुमचं सगळं वेगळंच असतं." ते 'वेगळंच' तिच्या कानात काट्यासारखं राहिलं. तिने ऑर्डरमधून आपलं नाव काढायला सांगितलं. त्यांनी काढलं, आणि त्याच संध्याकाळी ग्रुपवर लिहिलं की नीलमताई यंदा आपल्यासोबत नाहीत. टायरबद्दलच लिहिलं होतं, पण वाचणाऱ्याने काय समजायचं ते समजावं.

नोव्हेंबरात सहा डिसेंबरच्या तयारीची बैठक डीमनला त्यांच्याच घरी झाली. चहा झाला, हॉल ठरला, रॉटरडॅमचा, मेट्रो स्टेशनला लागून. मग प्रकाशदादांनी घसा साफ केला.

"फोटोचं बोलून घेऊ. ताई, राग मानू नका. हिवाळ्यात ती गाडी काढूच नका तुम्ही. रेसची गाडी ती, मागच्या चाकांवर चालणारी. मार्चपर्यंत झाकून ठेवा. फोटो यंदा माझ्या गाडीतून जाईल."

"फोटो सीटवर नीट बसतो. मी पुठ्ठा त्याच मापाचा कापून बघितलाय," नीलम म्हणाली.

"बसतो हो. पण घसरलात तर? आपल्या सगळ्यांचा तो फोटो आहे."

हात वर करायला सांगितलं, आणि हात वर झाले. ज्यांच्या मुलांना तिने शाळेचे फॉर्म भरून दिले होते त्यांचेही झाले. विरोधात कुणी नव्हतं, नुसते काही डोळे खाली होते. स्वयंपाकघराच्या दारात प्रकाशदादांची आई, शांताबाई, मुलाकडे राहायला आलेली, भिंतीला धरून उभी होती. तिला कुणी विचारलं नाही, पण ती सगळं बघत होती.

पुढच्याच रविवारी नीलमने फोटो डीमनला नेऊन दिला. दिला, कारण ठराव झाला होता आणि ती ठराव मोडणाऱ्यांतली नव्हती. पण परतताना तिला रडू आलं. फोटो गेला याचं दुःख होतंच, त्याहून मोठं दुसरंच होतं. आजवर ती कार्यक्रम करणाऱ्यांत होती. आता तिला हळूच कार्यक्रमाला येणाऱ्यांत नेऊन बसवलं जात होतं, खुर्ची पुढे करून, 'ताई, तुम्ही आरामात बसा' म्हणत. अशा आरामाचा तिला मनस्वी संताप येत असे. सहा डिसेंबरला आपण याच गाडीने जायचं, काय वाटेल ते झालं तरी, हे तिने त्याच रस्त्यावर ठरवलं.

आणि ठरवलं ते रागात, त्यामुळे सुरुवात चुकीची झाली. 'झाकून ठेवा' म्हणाले ना? मग आहे तशीच चालवते, त्याच उन्हाळी टायरांवर, बघू कोण अडवतं. नेदरलँड्समध्ये हिवाळी टायरची सक्ती नाही, कायदाही तिच्या बाजूचा होता. पण रबराला कायदा वाचता येत नाही. सात अंशांच्या खाली उन्हाळी टायर कडक होऊ लागतं, फ्रिजमधून काढलेल्या लोण्यासारखं, मग ते रस्त्याला चिकटत नाही, नुसतं वरून घासत जातं. हे तिला ठाऊक होतं. ठाऊक असूनही ती एका ओल्या सकाळी ऑफिसला निघाली, समोरच्या काट्यावर तीन अंश दिसत असताना.

ऑफिसच्या अलीकडच्या गोल चौकात तिने नेहमीसारखं वळण घेतलं आणि बाहेर पडताना ॲक्सिलरेटरवर जरासा पाय दिला. गाडीची मागची बाजू सुटली, सावकाश, जणू तिला दुसरीकडेच कुठे जायचं होतं. नीलमने स्टिअरिंग फिरवलं, उशिरा फिरवलं, आणि गाडी आल्या दिशेकडे तोंड करून थांबली. समोर एक डच बाई पुढे पेटी लावलेल्या सायकलवर उभी होती, पेटीत दोन मुलं, टोप्या घातलेली. अंतर पुष्कळ होतं. कुणालाही काही झालं नाही. बाईने नुसतं बघितलं, मान हलवली आणि मुलांना घेऊन गेली. नीलमचे हात मात्र बराच वेळ स्टिअरिंगवरून निघेनात. ती घाबरली होती, पार आतून. आणि घाबरण्याच्या मागोमाग राग आला, तोही प्रकाशदादांचाच, कारण ते अर्धे बरोबर निघाले होते. पूर्ण चुकलेल्या माणसाला झटकून टाकता येतं. अर्ध्या बरोबर माणसाचं काय करायचं?

तिने केलं ते असं. त्यांचा बरोबर अर्धा घेतला आणि उरलेला त्यांनाच परत केला. या टायरांवर गाडी चालवायची नाही, मान्य. गाडी चालवायचीच नाही, हे कुणी सांगितलं?

गॅरेजमधला विम नावाचा माणूस बोलायला मोकळा होता. त्याने तीन रस्ते सांगितले. एक, ऑल-सीझन, तिच्याच मापात मिळत होते. सपाट देशातल्या बहुतेकांना तेवढे पुरतात. दोन, पूर्ण हिवाळी टायर, पण मग लहान रिम आणि जरा अरुंद टायर घेतलेले बरे. तीन, गाडी बंद ठेवून वसंताची वाट बघणे. "अशा गाड्यांचे बहुतेक मालक तिसरंच करतात," तो म्हणाला.

"बहुतेक मालक बायका असतात का?" नीलमने विचारलं.

"नाही."

"मग त्यांचं राहू दे."

ऑल-सीझनवर तिचं मन अडकलं होतं, खोटं कशाला बोला. एकदा बसवले की वर्षभर विसरायचे. पण एवढ्या ताकदीची, मागच्या चाकांवर चालणारी गाडी, उन्हाळ्यात तिला ती वळणावर हवी तशी चालवायची होती आणि हिवाळ्यात भरवशाची हवी होती. दोन्हीकडे थोडं थोडं देणारं टायर तिला दोन्हीकडे थोडं थोडं कमी पडणार होतं. तिला तडजोड नको होती. आयुष्यात पुष्कळ करून झाली होती.

राहता राहिले हिवाळी. त्यात अडचण एकच, ते दिसायला वाईट होते. तिच्या गाडीला मोठ्या काळ्या रिम होत्या, त्यांच्यावरच तर जीव जडला होता. त्या काढून लहान चंदेरी रिम बसवायच्या, अरुंद टायर, बाजूला जाड रबर. भरजरी साडीखाली शाळेचे बूट घालावेत तसं दिसणार. विमने ब्रेकला अडणार नाही अशी सर्वांत लहान रिम शोधून दाखवली. टायरच्या अंगावर डोंगराचं आणि बर्फाच्या चांदणीचं चिन्ह होतं, म्हणजे बर्फासाठी पास झालेलं. नीलमने त्या रबरात नख रोवून बघितलं. थंडीतही ते मऊ होतं.

"हेच," ती म्हणाली. "पुढे वेगळं माप, मागे वेगळं. चारही एकाच कंपनीचे."

"आणि या काळ्या?"

"तुमच्या बांडनहोटेलात." टायरांना हिवाळाभर सांभाळणाऱ्या गोदामाला डच लोक होटेल म्हणतात. तिच्या लाडक्या चाकांची तिथे रवानगी झाली.

त्यानंतरचा रविवार तिने ऑफिसच्या रिकाम्या पार्किंगमध्ये घालवला. दव गोठलेलं होतं. तिने ब्रेक दाबून बघितले, वळणावर मुद्दाम पाय दिला, मागची बाजू कधी सुटते, सुटली तर कशी परत येते, सुटण्याआधी सीटमधून काय कळतं, हे पुन्हा पुन्हा तपासलं. चार टायर घातले म्हणजे आपल्याला गाडी येते, असल्या भ्रमात तिला राहायचं नव्हतं. दुपारी ती थकून, गाल लाल करून घरी आली, आणि गेल्या महिन्याभरात पहिल्यांदा खूश होती.

नव्या चाकांचा फोटो तिने मुद्दाम ग्रुपवर टाकला. लगेच थट्टा सुरू झाली. कुणी लिहिलं, सायकलची चाकं लावली का. प्रकाशदादांनी लिहिलं, "ताई, एवढा खटाटोप! आमचे टायर येऊन पडलेत. पण आत्ता सगळे तयारीत आहेत, म्हणून बसवायचा शनिवार कार्यक्रमानंतरचा ठेवलाय. सगळे मिळून बसवू."

नीलमने उत्तर दिलं, "थंडीला आपल्या कार्यक्रमाची तारीख कळवली आहे का?"

थंडीला कुणी कळवलं नव्हतं. सहा डिसेंबर शनिवारी आला आणि पहाटेपासून बर्फ पडू लागला. रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या गाड्या फिरत होत्या, हवामान खात्याने कोड येलो, म्हणजे सावधगिरीचा इशारा, लावला होता, ट्रेन कमी केल्या होत्या पण चालू होत्या. ग्रुपवर एकेक संदेश यायला लागला. आमची गाडी पार्किंगमधूनच निघेना. आम्ही ट्रेनने येतो. आमच्याकडे लहान मूल आहे, आम्हाला माफ करा. आणि मग प्रकाशदादांचा: "सुरक्षितता महत्त्वाची. माझ्या गाडीला अजून उन्हाळी टायर आहेत. कार्यक्रम ऑनलाइन घ्यावा असं वाटतं."

नीलमने लिहिलं, "हॉलमध्ये लोक पोचताहेत. मेट्रो चालू आहे. मी डीमनला येते, फोटो तयार ठेवा." आणि उत्तराची वाट न बघता ती खाली उतरली.

गाडी चालली, सावकाश पण सरळ चालली. ट्रक तिच्या काचेवर चिखल उडवत जात होते. उंच, दणकट गाड्या कडेला थांबलेल्या दिसत होत्या, धोक्याचे दिवे लावून. नीलमने कुणाला हिणवलं नाही, कारण गोल चौक ती विसरली नव्हती. पण स्वतःशीच मोठ्याने बोलली मात्र, पूर्ण वाटभर, ज्यांना जे सांगायचं राहिलं होतं ते सगळं. डीमन येईपर्यंत तिचा घसा बसला होता.

इमारतीच्या खाली प्रकाशदादा उभे होते, कोट-टाय घालून, ब्लँकेटमध्ये गुंडाळलेला फोटो कवटाळून. त्यांच्या मागे काचेच्या दाराआड शांताबाई, पांढरी साडी, त्यावर मुलाचं जाड जॅकेट, पायात लोकरी मोजे आणि बूट.

"आलात, ताई! मोठं काम केलंत," ते म्हणाले आणि त्यांनी गाडीचं दार उघडलं. "मी बसतो फोटो घेऊन. आई घरी ऑनलाइन बघेल."

"मी काय ऑनलाइन बघाले आली का इथं?" शांताबाई दार ढकलून बाहेर आली. "चैत्यभूमीवर उभी राहाची मी, उन्हात. एक साल नाही चुकवलं. मले घेऊन चाल, नीलम."

"आई, गुडघे बघ तुझे. बर्फ आहे. आणि सीट एकच आहे."

"मंग तूच सांग, त्यात कोण चालत जाऊ शकते अन् कोण नाही?"

नीलमने फोटो आणि शांताबाई दोघांना बसवता येतं का ते बघितलं. फोटो तिरपा करून बघितला, उभा धरून बघितला. माणूस बसलं की फ्रेम पुढे अडत होती आणि दार लागत नव्हतं. मागे जागा नव्हती, डिकीचं तोंड लहान. सीट एकच होती आणि त्या सीटसाठी तीन उमेदवार.

तिच्या डोळ्यांसमोर सगळं स्पष्ट होतं. फोटो पट्ट्याने बांधून एकटीने रॉटरडॅमला जायचं, हॉलच्या दारात उतरायचं, सगळ्यांच्या समोर. महिनाभर तिने हेच बघितलं होतं, झोपेतही. त्यासाठी टायर, त्यासाठी पार्किंग, त्यासाठी ही सगळी वाट. हात पुढे केला की फोटो तिचा होता. माणसासकट बसत नाही म्हटल्यावर प्रकाशदादा तर तो द्यायलाच उभे होते. शांताबाई बर्फात एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत उभी राहिली, आणि नीलमला ती बैठक आठवली, तो दाराशी उभा असलेला, कुणी न विचारलेला चेहरा.

"आई, या," नीलम म्हणाली. "आधी पाठ टेकवा, मग पाय आत घ्या. गाडी बुटकी आहे."

"बाप्पा, ही गाडी होय का पाळणा?" म्हणत शांताबाई आत गेली. नीलमने वाकून तिचा पट्टा लावला.

"आणि फोटो?" प्रकाशदादांचा आवाज चढला. "ताई, फोटोसाठी आलात ना तुम्ही?"

"फोटो यंदा तुमच्याकडे आहे, दादा. ठराव झालाय. ट्राम समोरच थांबते, पुढे ट्रेन आहे."

"एवढी काच घेऊन? ट्राममधून? बर्फात?"

"जपून आणा. आपल्या सगळ्यांचा आहे," नीलम म्हणाली, आणि निघाली.

हॉलमध्ये अपेक्षेपेक्षा जास्त माणसं होती, ओले बूट, ओल्या टोप्या, ट्रेन बदलत आलेली. मंचावर मेणबत्त्या होत्या, हार होता, आणि मधे फोटोची जागा रिकामी. अध्यक्षांची खुर्चीही रिकामी. वेळ झाली, वेळ होऊन गेली. प्रकाशदादांचा फोन लागला तर मागे स्टेशनवरची घोषणा ऐकू येत होती. कुणीतरी म्हणालं, थांबू या, अध्यक्षांशिवाय कसं.

शांताबाई पहिल्या रांगेत बसली होती. ती उठली, खुर्चीच्या पाठीला धरून. "मी म्हातारी बर्फातून आली अन् तुम्ही कोणाची वाट पाहता? फोटो नाही म्हणून बाबासाहेब नाहीत का? नीलम, बस त्या खुर्चीवर. चालू कर."

कुणी हात वर करायला सांगितलं नाही. नीलम मंचावर गेली. तिने मेणबत्त्या पेटवल्या, हार रिकाम्या जागेसमोर ठेवला, आणि त्रिसरण सुरू केलं. बसलेल्या घशातून पहिला शब्द फाटका निघाला, दुसऱ्याला मागून सगळे आले.

पंचशील चालू असताना मागचं दार उघडलं. प्रकाशदादा आत आले. टाय खांद्यावर गेलेला, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, ब्लँकेट वाटेत कुठे तरी राहिलेलं. काचेला एक ओरखडाही नव्हता. ते तिथेच दाराशी थांबले, कारण वंदना चालू असताना मधून चालत जायचं नसतं. फोटो छातीशी धरून, समोर तोंड करून उभे राहिले. दोन्ही हात गुंतलेले, त्यामुळे जोडता येत नव्हते, नुसते ओठ हलत होते. लोकांच्या लक्षात आलं तसे एकेक जण मागे वळले आणि त्यांच्या दिशेने वाकले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, थंडीचं असेल, नसेलही.

वंदना संपली. दोघा जणांनी फोटो घेतला, मंचावर आणला. नीलमने ओढणीने काच पुसली, हार चढवला आणि परत खुर्चीवर येऊन बसली. प्रकाशदादा मंचाच्या पायरीपाशी आले, एक पाय वर ठेवून घुटमळले.

"ताई," ते हळू आवाजात म्हणाले, "ती अध्यक्षांची खुर्ची आहे."

"हो," नीलम म्हणाली, आणि तिने माइक जवळ ओढून पहिल्या वक्त्याचं नाव पुकारलं.